प्लास्टिक खाणाऱ्या अळ्या : पोटात गेलेल्या सूक्ष्म कणांचे पुढे काय होते?

मल्हारी (इंदूर)

रामबागेजवळच्या आमच्या वसाहतीत ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. ओल्या कचऱ्याची चिंता आम्हाला फारशी नसते. तो गाडीतून देवगुराडियाला जातो आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेल्या, दिवसाला ५५० टन क्षमतेच्या प्रकल्पात त्यापासून बायो-सीएनजी तयार होतो. अडचण आहे ती थर्माकोलची. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी असल्यामुळे गणपतीची मखरे बरीच बदलली, परंतु टीव्ही, मिक्सर आणि फ्रिज यांच्या खोक्यांतून येणारे थर्माकोल तसेच येत राहते, आणि ते वजनाला नगण्य असले तरी जागा मात्र भरपूर अडवते.

गेल्या बैठकीत वसाहतीतील एका महाविद्यालयीन मुलीने असे सुचवले की प्लास्टिक खाणाऱ्या अळ्या आणून गच्चीवर पेट्यांमध्ये पाळाव्यात आणि सगळे थर्माकोल त्यांना घालावे. कल्पना अनेकांना आवडली. मला तिला नाउमेद करायचे नाही, पण समितीसमोर विषय ठेवण्यापूर्वी दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. अळीच्या पोटात गेलेले प्लास्टिक खरोखर नाहीसे होते, की त्याचा केवळ बारीक भुगा होऊन तो विष्ठेवाटे बाहेर पडतो? आणि भुगाच होत असेल, तर आज ज्या सूक्ष्म प्लास्टिकची सर्वत्र चर्चा आहे, ते आपणच गच्चीवर तयार करत बसणार नाही का? या विषयातील जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जीवरसायन

मल्हारीजी, आपला दुसरा प्रश्न या विषयाच्या मुळाशी जातो आणि वर्तमानपत्रांतील बातम्यांमध्ये नेमका तोच राहून जातो. मी मूळची इंदूरची, आता बाहेरगावी जीवरसायनशास्त्र शिकवते. सुरुवात थर्माकोलपासूनच करते.

थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. २०१५ मध्ये बीजिंगचे बेइहांग विद्यापीठ आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठ येथील संशोधकांनी पिवळ्या पीठअळीवर, म्हणजे टेनेब्रिओ मॉलिटर या भुंगेऱ्याच्या अळीवर, दोन जोडलेख प्रसिद्ध केले. शंभर अळ्या मिळून दिवसाला ३४ ते ३९ मिलिग्रॅम थर्माकोल खातात, असे त्यांना आढळले. मात्र खाण्याचा आकडा हा सर्वात कमी महत्त्वाचा आहे, कारण लाकडाचा भुसा सुतारही करतो आणि त्याने लाकूड पचवले असे कोणी म्हणत नाही. महत्त्वाचा आहे तो कार्बनचा ताळेबंद. सोळा दिवसांच्या चाचणीत अळ्यांनी खाल्लेल्या थर्माकोलमधील कार्बनपैकी ४७.७ टक्के कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडला, सुमारे ४९.२ टक्के विष्ठेत गेला आणि जेमतेम अर्धा टक्का अळीच्या शरीरात मुरला. आपण विचारलेल्या दोन्ही शक्यता त्यामुळे एकाच वेळी खऱ्या आहेत : जवळजवळ निम्मे प्लास्टिक प्लास्टिक उरत नाही, आणि जवळजवळ तितकेच विष्ठेतून बाहेर येते.

हा कार्बन डायऑक्साइड अळीच्या अंगातील चरबी जळून आलेला नाही, हे कशावरून, असा प्रश्न कोणीही विचारील. त्यासाठी संशोधकांनी कार्बन-१३ हा जड समस्थानिक (म्हणजे कार्बनचाच थोडा जड अणू) मुद्दाम घालून बनवलेले पॉलिस्टायरीन अळ्यांना खाऊ घातले आणि तोच जड कार्बन पुढे उच्छ्वासातील वायूत आणि अळीच्या चरबीत सापडतो, हे दाखवले. माझ्या मते या संपूर्ण क्षेत्रातील सर्वात भक्कम पुरावा याच प्रकारचा आहे, आणि एखाद्या नव्या दाव्यात तो नसेल तर तो दावा सावधपणे वाचावा.

आता पोटातील प्रक्रियेविषयी. पॉलिथिलीन आणि पॉलिस्टायरीन यांचा कणा कार्बन-कार्बन बंधांचा असतो. पाण्याच्या साहाय्याने तोडता येईल असा दुवा त्या कण्यात नसतो आणि एकेका रेणूचे वजन लाखांच्या घरात असल्यामुळे तो जिवाणूच्या पेशीत शिरूच शकत नाही. म्हणून काम टप्प्याटप्प्याने व्हावे लागते. पहिला टप्पा जबड्यांचा : अळी कुरतडून तुकडे करते आणि त्यामुळे विकरांना, म्हणजे रेणू तोडणाऱ्या एन्झाइमांना, भिडण्यासाठी पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. दुसरा टप्पा ऑक्सिडीकरणाचा : आतड्यातील जिवाणू आणि स्वतः कीटक यांची विकरे साखळीवर ऑक्सिजन चढवतात, तेथे कार्बोनिल गट (कार्बन-ऑक्सिजनच्या जोड्या) तयार होतात आणि त्या जागी साखळी कमजोर होऊन तुटू लागते. तिसऱ्या टप्प्यात, पुरेसे आखूड झालेले तुकडे पेशीत शिरतात आणि स्निग्धाम्लांच्या नेहमीच्या मार्गासारख्या चयापचय मार्गांनी अखेर ॲसिटिल-कोए हा छोटा रेणू होऊन ऊर्जेसाठी जाळले जातात. हे सर्व साधारण एका दिवसाच्या आत उरकावे लागते, कारण अन्न अळीच्या आतड्यात त्याहून अधिक काळ थांबत नाही. ज्या साखळ्या तेवढ्या वेळात पुरेशा तुटत नाहीत, त्या विष्ठेत जातात.

जिवाणूंचा वाटा किती, हे दुसऱ्या लेखात तपासले होते. जेंटामायसिन हे प्रतिजैविक देऊन आतड्यातील जिवाणू दडपल्यावर अळ्यांची पॉलिस्टायरीन तोडण्याची क्षमता जवळजवळ नाहीशी झाली. उलट, त्याच आतड्यातून वेगळा काढलेला एक्सिग्वोबॅक्टेरियम हा जिवाणू एकटाच द्रावात वाढवला, तेव्हा त्याने साठ दिवसांत जेमतेम ७.४ टक्के पॉलिस्टायरीन तोडले. अळीशिवाय जिवाणू मंद आणि जिवाणूंशिवाय अळी हतबल, असा हा प्रकार आहे.

हिशेबनीस

वरच्या आकड्यांवरून गच्चीचा हिशेब मांडून पाहिला. शंभर अळ्यांना दिवसाला ३९ मिलिग्रॅम धरले, तर दहा हजार अळ्या दिवसाला ३.९ ग्रॅम खातील. एक किलो थर्माकोल संपवण्यास त्यांना सुमारे २५६ दिवस लागतील, आणि तेवढ्या काळात अळ्यांचे कोश, कोशांचे भुंगेरे आणि भुंगेऱ्यांची पुढची पिढी झालेली असेल. एका दिवसात एक किलो संपवायचे असेल तर पंचवीस लाखांहून अधिक अळ्या लागतील. एवढा संसार सांभाळणारी समिती इंदुरात कोठे असेल असे वाटत नाही. शिवाय आपला मे महिना चाळीस अंशांच्या पुढे जातो आणि माझ्या माहितीप्रमाणे या अळ्यांना पंचवीस-अठ्ठावीस अंश मानवतात. म्हणजे गच्चीवर नव्हे, त्यांना कूलरच्या खोलीत ठेवावे लागेल.

मधपेटी (महू)

माझ्या काही मधपेट्या आहेत, म्हणून या चर्चेत मेणकिड्याची बाजू मांडतो. मधमाश्या पाळणाऱ्या कोणासही हा किडा आवडत नाही. वसाहत कमजोर झाली की त्याचे पतंग पेटीत शिरून अंडी घालतात आणि अळ्या पोळ्यातील मेण पोखरून सर्वत्र जाळी करून ठेवतात. गॅलेरिया मेलोनेला असे त्याचे शास्त्रीय नाव.

स्पेनमधील संशोधक फेदेरिका बेर्तोक्किनी स्वतः हौसेने मधमाश्या पाळत असत. पोळी साफ करताना काढलेल्या अळ्या त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवल्या आणि थोड्या वेळाने पाहिले तर पिशवीला भोके पडलेली होती. पुढे २०१७ मध्ये त्यांनी केंब्रिजच्या सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात शंभर अळ्यांनी बारा तासांत ९२ मिलिग्रॅम पॉलिथिलीन कमी केल्याचे नोंदवले आहे. पीठअळीच्या तुलनेत हा वेग मला थक्क करणारा वाटला. मेणही लांब कार्बनी साखळ्यांचेच असते, त्यामुळे जन्मभर मेण खाणाऱ्या किड्याला पॉलिथिलीन तोडणे जमावे हे तर्काला धरून वाटते. जाणकारांचे मत काय आहे?

जीवरसायन

मधपेटी यांचा तर्क संशोधकांनीही मांडलेला आहे, मात्र त्या २०१७ च्या लेखावर लगेच आक्षेपही आले. जर्मनीतील माइन्त्स येथील रसायनशास्त्रज्ञांनी असे दाखवून दिले की अळ्यांचा लगदा प्लास्टिकवर पसरून मिळवलेले वर्णपटातील संकेत हे तुटलेल्या पॉलिथिलीनचे नसून प्लास्टिकला चिकटून राहिलेल्या प्रथिनांचे आणि चरबीचेही असू शकतात. वजन घटले, याचा अर्थ रेणू तुटले असा होत नाही. कुरतडून पडलेले कणही वजन घटवतातच. पिशवीला पडलेले भोक दिसते, पण त्या भोकातील प्लास्टिक कोठे गेले ते दिसत नाही, आणि सामान्य वाचकाची फसगत येथेच होते.

बेर्तोक्किनी यांच्याच गटाने २०२२ मध्ये अधिक नेमका दावा केला. अळीच्या लाळेतील दोन प्रथिने, ज्यांना त्यांनी डेमेत्रा आणि सेरेस अशी नावे दिली, ती खोलीच्या तापमानाला, साध्या पाण्यात, काही तासांत पॉलिथिलीनचे ऑक्सिडीकरण करतात, असे त्यांचे म्हणणे होते. हे खरे ठरले तर फार मोठी गोष्ट आहे, कारण पॉलिथिलीनच्या बाबतीत पहिले ऑक्सिडीकरण हीच सर्वात कठीण पायरी असते आणि निसर्गात ती उन्हातील अतिनील किरणांच्या मदतीने, वर्षानुवर्षे घेत होते. परंतु २०२४ मध्ये दुसऱ्या एका गटाने यांपैकी एक प्रथिन नव्याने तपासले तेव्हा त्यांना तसा परिणाम आढळला नाही. मेणकिड्याचा प्रश्न म्हणून अजून वादात आहे आणि पीठअळीच्या समस्थानिकांच्या पुराव्याच्या पंक्तीला मी तो सध्या बसवणार नाही.

येथेच एक फरक नोंदवून ठेवते. पाण्याच्या बाटल्यांचे प्लास्टिक, म्हणजे पीईटी, याच्या साखळीत एस्टर बंध असतात आणि ते पाण्याच्या साहाय्याने तोडता येतात. जपानमधील साकाई येथे सापडलेला आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला इडिओनेला साकाइएन्सिस हा जिवाणू तेच करतो. तीस अंश तापमानाला पीईटीची पातळ फिल्म त्याने सुमारे सहा आठवड्यांत संपवली. त्याचे यश पाहून पिशव्या आणि थर्माकोल यांच्याबद्दलही तशीच आशा धरली जाते, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही दोन वेगवेगळी कामे आहेत.

अहिल्यातीर

मी गच्चीवर भाजीपाला लावते, त्यामुळे माझा प्रश्न स्वार्थाचा आहे. अळ्यांची विष्ठा उत्तम खत असते असे सर्वत्र वाचनात येते आणि आमच्या वसाहतीतही त्याच आशेने काहींनी ही कल्पना उचलून धरली आहे. निम्मे प्लास्टिक विष्ठेतच येत असेल, तर ते वांग्या-मिरच्यांच्या कुंडीत घालणे योग्य ठरेल का? शिवाय अळीला मोठा ठोकळा न देता आधीच सूक्ष्म असलेले कण दिले तर काय होते, याचाही कोणी अभ्यास केला आहे का? सिरपूर तलावात किंवा कान्ह नदीत जे प्लास्टिक जाते, ते काही ठोकळ्यांच्या रूपात राहत नाही.

जीवरसायन

अहिल्याताई, प्रश्न स्वार्थाचा असला तरी अगदी नेमका आहे.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान कणांना सूक्ष्म प्लास्टिक म्हणतात आणि एक मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, खाली गेले की ते अतिसूक्ष्म गणले जाते. कण जितका लहान, तितका त्याच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग अधिक; त्यामुळे विकरांना तो सोपा जातो. परंतु तोच कण न तुटता आतड्याची भिंत ओलांडून शरीरात जाण्याचा धोकाही आकार घटेल तसा वाढतो. लहान होणे ही गोष्ट पचनाला जशी मदत करते, तशीच ती प्रदूषणालाही करते.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात पीठअळ्यांना तोंडावर लावायचे मास्क दळून, कोंड्यात मिसळून दिले गेले. हा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. उपलब्ध कणांपैकी सुमारे निम्मे, म्हणजे एका अळीमागे सरासरी दीडशेच्या आसपास कण, अळ्यांनी खाल्ले. त्यांच्या जगण्यावर किंवा वाढीवर वाईट परिणाम दिसला नाही आणि विष्ठेच्या एका मिलिग्रॅममागे चार ते सहा कण बाहेर आले, म्हणजे खाल्लेल्या मानाने थोडेच. बातम्यांनी याचा अर्थ अळ्यांनी कण पचवले असा लावला. मला मात्र येथे थांबावेसे वाटते, कारण विष्ठेत न सापडणारा कण तीन ठिकाणी असू शकतो : तो खरोखर तुटला असेल, अळीच्या शरीरात अडकला असेल, किंवा मोजणाऱ्याच्या सूक्ष्मदर्शकाला दिसणार नाही इतका बारीक झाला असेल.

तिसरी शक्यता काल्पनिक नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अंटार्क्टिक समुद्रातील क्रिल या झिंग्यासारख्या जिवाला ३१.५ मायक्रॉन आकाराचे पॉलिथिलीनचे कण दिले गेले आणि त्याच्या पचनसंस्थेतून बाहेर आलेले काही तुकडे एक मायक्रॉनपेक्षाही लहान होते. तेथे रासायनिक पचन नव्हते, फक्त दळण होते. क्रिल कीटक नाही, हे खरे, पण चावून बारीक करणारी पचनसंस्था त्याच्याजवळही असते. म्हणून एखाद्या अळीने सूक्ष्म कण नष्ट केले असे म्हणायचे असेल तर केवळ कण मोजून चालत नाही. उरलेल्या प्लास्टिकच्या रेणूंचे वजन घटले का, हे जेल पर्मिएशन क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे रेणू आकारानुसार वेगळे करणाऱ्या चाचणीने, पाहावे लागते, आणि अवरक्त वर्णपटात ऑक्सिजनचे गट दिसतात का, तेही तपासावे लागते. पीठअळीच्या विष्ठेतील पॉलिस्टायरीनमध्ये असे बदल आढळले आहेत, म्हणजे तेथे दळणाबरोबर रासायनिक तोडही होते. पण विष्ठेतील सर्वच साखळ्या तुटलेल्या असतात असा त्याचा अर्थ नाही.

तेव्हा आपल्या कुंड्यांबद्दल माझे स्पष्ट मत : थर्माकोल खाणाऱ्या अळ्यांची विष्ठा घालू नये. कोंड्यावर वाढवलेल्या अळ्यांची विष्ठा हे खत म्हणून वेगळेच प्रकरण आहे. दुसरे कारण थर्माकोलमधील रसायनांचे. इमारतींच्या उष्णतारोधक थरांत वापरल्या जाणाऱ्या पॉलिस्टायरीनमध्ये आग लवकर पकडू नये म्हणून हेक्साब्रोमोसायक्लोडोडेकेन हे रसायन घातले जात असे. स्टॅनफर्डच्याच संशोधकांना असे आढळले की अळ्या हे रसायन शरीरात साठवत नाहीत. सुमारे नव्वद टक्के चोवीस तासांत आणि जवळजवळ सगळे अठ्ठेचाळीस तासांत बाहेर टाकतात. अळीच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे, पण बाहेर टाकतात म्हणजे विष्ठेत टाकतात.

देवासकर

इतकी चिकित्सा करत बसण्यापेक्षा कचऱ्याच्या डोंगरांवर या अळ्या कोट्यवधींनी सोडून का देत नाहीत? देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवरचा जुना कचरा हटवायला केवढा खर्च आणि केवढी यंत्रे लागली, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. निसर्गाने उपाय दिला आहे तर तो वापरण्यात एवढे आढेवेढे कशासाठी?

हिशेबनीस

देवासकर, पीठअळी ही मुळात साठवलेल्या धान्याची कीड आहे. आपल्या माळव्यात घरोघरी आणि गोदामांत वर्षाचा गहू भरून ठेवतात. कचऱ्याच्या डोंगरावर सोडलेला भुंगेरा थर्माकोलच खात बसेल, शेजारच्या गावातील कोठीकडे वळणार नाही, ही हमी कोण देणार?

जीवरसायन

हिशेबनीस यांच्याशी सहमत आहे, आणि निवड करायला मिळाली तर अळी धान्याकडेच जाईल, यालाही आधार आहे. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात झोफोबास मोरिओ या मोठ्या अळीचे तीन गट करून एकाला कोंडा, दुसऱ्याला केवळ पॉलिस्टायरीन आणि तिसऱ्याला काहीच न देता तीन आठवडे ठेवले. पॉलिस्टायरीनवरच्या अळ्या जगल्या आणि त्यांचे वजन किंचित वाढलेही, पण कोंड्यावरच्या अळ्यांच्या तुलनेत त्यांची वाढ अगदीच क्षीण होती, आणि त्यांच्या आतड्यातील जिवाणूंची विविधता घटून रोगकारक ठरू शकणारे प्रकार वाढले. प्लास्टिकमध्ये नायट्रोजन नाही, क्षार नाहीत, जीवनसत्त्वे नाहीत. केवळ त्यावर जगणारी अळी अर्धपोटीच राहते. पीठअळीच्या प्रयोगांत प्लास्टिकबरोबर कोंडा दिल्यास अळ्या अधिक प्लास्टिक खातात असेही दिसले आहे, त्यामुळे शुद्ध प्लास्टिकवर पाळलेली अळी ही सर्वात कामसू अळी नव्हे.

या सगळ्या संशोधनाचा खरा उपयोग मला गच्चीवर किंवा ट्रेंचिंग ग्राउंडवर दिसत नाही. अळीच्या आतड्यात कोणती विकरे एकत्र काम करतात, कोणत्या क्रमाने करतात, आणि ती जिवाणूंकडून मोठ्या टाक्यांमध्ये तयार करून घेता येतील का, हा खरा प्रश्न आहे. तशा बंद टाकीत उरलेले कण बाहेर जाऊ न देण्याची सोय करता येते. उघड्यावरच्या अळीच्या बाबतीत ती करता येत नाही, आणि सूक्ष्म कणांच्या प्रश्नात बाहेर काय जाते यालाच सर्वाधिक महत्त्व आहे.

मल्हारी (इंदूर)

सर्वांचे आभार. समितीसमोर मी असे मांडणार आहे की वसाहतीचे थर्माकोल अळ्यांना न देता स्वच्छ आणि कोरडे ठेवून एकत्र साठवावे आणि ते दाबून किंवा वितळवून पुन्हा वापरणाऱ्या व्यावसायिकाला द्यावे. थर्माकोलमध्ये सुमारे ९८ टक्के हवाच असल्यामुळे ते सुटे वाहून नेणे कोणालाच परवडत नाही, खरी गोम तेथेच आहे असे दिसते.

ज्या मुलीने ही कल्पना मांडली तिला मी हा धागा वाचायला दिला. तिचा उत्साह कमी झालेला नाही. शंभर अळ्या काचेच्या झाकणबंद बरणीत ठेवून, एका बरणीत केवळ कोंडा, दुसरीत कोंडा आणि थर्माकोल, आणि तिसरीत अळ्यांशिवाय नुसते थर्माकोल, असा छोटा प्रयोग महाविद्यालयासाठी करावा, असे तिने ठरवले आहे. तिने विचारले आहे की घरच्या साधनांनी यातून काय मोजता येईल, आणि प्रयोग संपल्यावर विष्ठेचे काय करावे?

जीवरसायन

तिन्ही बरण्यांचा विचार तिने स्वतः केला असेल तर तिला शाबासकी सांगा. तिसरी बरणी बहुतेकजण विसरतात. महाविद्यालयात मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू असेल तर थर्माकोलचे घटलेले वजन, अळ्यांचे वजन आणि विष्ठेचे वजन आठवड्यातून एकदा नोंदवावे. विष्ठा टोल्युइनसारख्या द्रावकात ढवळून न तुटलेले पॉलिस्टायरीन वेगळे काढता येते, पण ते काम घरी मुळीच करू नये. प्रयोगशाळेत, वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात (फ्यूम हूडमध्ये) आणि प्राध्यापकांच्या देखरेखीखालीच करावे. तेवढे झाले तरी खाल्लेल्यापैकी किती प्लास्टिक जसेच्या तसे बाहेर आले याचा ढोबळ अंदाज तिला मिळेल, कार्बन डायऑक्साइडचा हिशेब मात्र या साधनांनी लागणार नाही.

बरणीच्या झाकणाला हवेसाठी भोके पाडण्याऐवजी बारीक तारेची जाळी बसवावी, कारण अळीचा भुंगेरा होतो आणि तो स्वयंपाकघरातील पिठाच्या डब्यापर्यंत जाऊ देण्याची गरज नाही. बरणी साफ करताना विष्ठा झटकू नये आणि पाण्याने मोरीत धुऊ नये. ओल्या कागदाने टिपून घ्यावी, तो कागद आणि उरलेला कोंडा एका पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी सुक्या कचऱ्यात द्यावी. थर्माकोलच्या बरणीतील काहीही ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नये.